विज्ञानकथेला छापण्याआधी कोण वाचतं?

ऐतिहासिक कादंबरी छापायला देण्याआधी मराठी लेखक दहा दारं झिजवतो. शकावली ताडून घेतो, मोडी जाणणाऱ्याकडे कागद घेऊन जातो, किल्ल्याचा दरवाजा नेमक्या कुठल्या अंगाला आहे ते गावातल्या म्हाताऱ्याला विचारतो. एका सरदाराचं आडनाव चुकलं किंवा लढाईची तिथी हुकली, तर पुस्तक बाजारात आल्याबरोबर पत्रं सुरू होतील हे त्याला पक्कं ठाऊक असतं. विज्ञानकथेच्या लेखकाला ही धास्ती नाही. मंगळावरचा नायक पृथ्वीवरच्या बायकोशी फोनवर भांडतो, दोघं एकमेकांना ताबडतोब उत्तरं देतात, आणि कथा तशीच दिवाळी अंकात येते. पृथ्वीवरून निघालेला संदेश मंगळावर पोचायला ग्रहांच्या अंतरानुसार सुमारे तीन ते बावीस मिनिटं लागतात. म्हणजे त्या भांडणातल्या प्रत्येक टोमण्याला उत्तर यायला कमीत कमी सहा मिनिटं जायला हवीत. खरं तर त्या शांततेतच केवढी मोठी कथा आहे! पण ती लेखकाच्या नजरेला आणून देणारा कुणी छापण्याआधी भेटलेला नसतो.

मराठी विज्ञानकथेची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा एकाच बाजूने होते. ती साहित्य आहे की नाही, समीक्षकांनी तिची दखल घेतली की नाही, पुरस्कार मिळाले की नाहीत. हे सगळं पुस्तक निघाल्यानंतरचं. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा टप्पा. कथा हस्तलिखितात असताना ती कुणी वाचली, काय विचारलं, काय बदलायला लावलं? या प्रकाराचं भलंबुरं तिथेच ठरतं, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत आपण या टप्प्याकडे फार कमी लक्ष दिलं आहे.

हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यातून पाहण्यालाही कारण आहे. अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केला तो जून १८४२ मध्ये, याच नगरात. धर्मप्रसार हा त्याचा हेतू उघड होता, पण भूगोल, खगोल, शरीरशास्त्र आणि यंत्रविद्या मराठी वाचकाच्या घरात नेणाऱ्या पहिल्या काही नियतकालिकांत तो मोडतो. त्याच्याही चार वर्षं आधी, १८३८ मध्ये, इथलं जिल्हा वाचनालय स्थापन झालं होतं. मराठीत ज्ञान छापण्याची आणि ते सार्वजनिक ठिकाणी बसून वाचण्याची सवय या गावाला अशी पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. १९९७ मध्ये नगरला सत्तरावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी ना. सं. इनामदार होते, म्हणजे ऐतिहासिक कादंबरीकार. नगरच्या मातीला ते शोभणारंच होतं. चांदबीबीचा किल्ला, पंडित नेहरूंची १९४२ ते १९४५ची कैद, चौंडीच्या अहिल्याबाई, नेवाशाचे ज्ञानेश्वर या साऱ्यांमुळे इथला वाचक इतिहासाच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो. तीच नजर विज्ञानकथेवर का पडत नाही, याचं उत्तर आपल्या प्रकाशनव्यवहारात शोधावं लागतं.

मराठी विज्ञानकथेचा उगम अभ्यासक १९००च्या आसपासचा मानतात. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’मध्ये ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाचं मराठी रूप क्रमशः आलं. पुढे नाथमाधवांची ‘श्रीनिवासराव’, १९१५ची श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा, अशी नावं घेतली जातात. या काळात छापण्याआधीचा वाचक म्हणजे मासिकाचा संपादक, दुसरा कुणी नाही. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी कथेला दरवर्षीची एक मोठी पेठ मिळाली. विज्ञानकथाही पुढे याच पेठेत वाढली. अनंत अंतरकरांनी ‘हंस’बरोबर ‘नवल’ काढलं, त्यात अद्भुत, गूढ आणि वैज्ञानिक कल्पनेच्या कथांना हक्काची जागा झाली. ‘धनंजय’च्या दिवाळी अंकानेही रहस्यकथेच्या शेजारी विज्ञानकथेला घर दिलं. नारायण धारप, द. पां. खांबेटे, भा. रा. भागवत यांच्या पिढीचं या प्रकारातलं लेखन संपादकांच्या अशाच आस्थेवर उभं राहिलं.

हे संपादक वाचक म्हणून पक्के होते. कथा कुठे रेंगाळते, कुठे घाई होते, शेवट कुठे फसतो हे त्यांना अचूक कळायचं. मौज-सत्यकथेच्या गोटात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी हस्तलिखितावर लेखकाबरोबर काम करण्याची जी रीत घातली, तिच्याबद्दल मराठीत आजही आदराने बोललं जातं. लेखकाला लांबलचक पत्र लिहायचं, शंका मांडायच्या, पुन्हा लिहायला लावायचं, हे तिथे रोजचं काम होतं. पण ही सारी तालीम साहित्याची होती. कथेतल्या यानाने वेग कमी कसा केला, विषाणू पाण्यातून पसरला की हवेतून, असे प्रश्न विचारणारा माणूस मराठी मासिकाच्या कचेरीत क्वचितच बसला.

ती उणीव भरून काढली एका स्पर्धेने. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथेच्या स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. स्पर्धेत कथा वाचणाऱ्याला काही कसोट्या आधीच ठरवून घ्याव्या लागतात. कथेत विज्ञान आहे का, ते बरोबर आहे का, आणि ते काढून टाकलं तर कथा उरते का? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. विज्ञान काढूनही कथा जशीच्या तशी उभी राहिली, तर ते विज्ञान फक्त सजावटीला आणलेलं होतं.

१९७४च्या स्पर्धेची हकिगत मराठी वाचकांना ऐकून माहीत आहे, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने ती पुन्हा नीट पाहायला हवी. जयंत नारळीकर त्याच्या दोन वर्षं आधी केंब्रिजहून परतून मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. १९६४ पासून हॉइल-नारळीकर सिद्धांतामुळे त्यांचं नाव घरोघरी पोचलेलं, १९६५ मध्ये पद्मभूषण मिळालेलं. अशा माणसाची कथा नावानिशी आली असती, तर परीक्षकांचा निर्णय आधीच झाला असता. हे त्यांनी ओळखलं. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला आणि ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं. परिषदेत त्यांचं हस्ताक्षर ओळखणारी मंडळी होती, म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या अक्षरात लिहून गेली. ‘कृष्णविवर’ला पहिलं पारितोषिक मिळालं, आणि जगताप म्हणजे कोण हे नंतर उघड झालं.

या प्रसंगाकडे आपण एका थोर माणसाची विनम्रता म्हणून पाहतो. ती होतीच. पण मला त्यात छापण्याआधीच्या वाचनाचा मराठीतला सर्वांत नेटका धडा दिसतो. नाव झाकलेलं, अक्षर झाकलेलं, आणि वाचणाऱ्यासमोर फक्त कथा. शास्त्रीय नियतकालिकांत तज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्याची पद्धत नारळीकरांच्या रोजच्या व्यवहारातली होती. ललित लेखनातही आपल्या कथेवर तसाच निकाल व्हावा असं त्यांना वाटलं, आणि तो त्यांनी मिळवला. पुढे ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या मुकुंदरावांनी त्यांच्याकडे कथा मागितल्या. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षीय भाषण करताना दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रवाहाची आवर्जून दखल घेतली. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९ मध्ये निघाला. २०२१ मध्ये नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, विज्ञानलेखकाचा हा मराठीतला सर्वांत मोठा मान. २० मे २०२५ रोजी ते गेले. या पन्नास वर्षांच्या वाटचालीचं पहिलं पाऊल म्हणजे नाव न पाहता केलेलं एक वाचन.

स्पर्धेनंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी या प्रकाराला भरीव रूप दिलं. यातली अनेक मंडळी स्वतः विज्ञान किंवा तंत्रज्ञान शिकलेली, त्यामुळे लिहिणारा आणि तपासणारा पुष्कळदा एकाच खुर्चीत बसला. फोंडक्यांनी भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचा एक इंग्रजी संग्रह संपादित केला आणि नॅशनल बुक ट्रस्टने तो १९९३ मध्ये छापला. मराठी कथा त्यातून बाहेरच्या वाचकापर्यंत पोचली. पण लेखक शास्त्रज्ञ असला की तपासनीस लागत नाही, हा समजही याच काळात रुजला. तो मला मुळीच मान्य नाही. खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेल्या कथेत शेतकरी येतो, डॉक्टर येतो, इतिहास येतो. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये १७६१चा निकाल उलटा लागलेलं जग आहे. तिथे भौतिकशास्त्रज्ञाइतकाच मराठ्यांच्या इतिहासाचा जाणकार वाचक हवा. ही कथा इंग्रजीतून अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेली. मुलं ती वाचतात तेव्हा पानिपतावरचा विश्वासराव आणि पर्यायी विश्वांची कल्पना एकाच बैठकीत पेलतात. दोन्ही बाजू पक्क्या असल्याशिवाय हे जमत नाही.

प्रस्तावना लिहिणारा हाही मराठीत छापण्याआधीचा वाचक मानला जातो. पण त्याचा अभिप्राय त्याच पुस्तकात छापला जाणार असतो, त्यामुळे तो दोष सांगायला अवघडतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेत पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित तपासलं जातं. ही चांगली सोय आहे, पण विज्ञानकथेसाठी वेगळी नजर ठेवण्याची व्यवस्था तिथेही असायला हवी.

बाहेरच्या जगात काय झालं ते पाहिलं तर हा प्रश्न किती जुना आहे ते कळतं. व्हर्नने १८६५ मध्ये तोफेतून चंद्राकडे गोळा सोडण्याची कथा लिहिली, तेव्हा आकडेमोड नात्यातल्या आँरी गार्से या गणिताच्या शिक्षकाकडून तपासून घेतली. त्याने दिलेला वेग सेकंदाला अकरा किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण सोडून जाण्यासाठी लागणाऱ्या खऱ्या वेगाच्या अगदी जवळ. दीडशे वर्षांपूर्वीच्या कादंबरीत हे पाहून आजही आदर वाटतो. पण तोफेच्या नळीत इतक्या थोड्या अंतरात एवढा वेग घेताना आतल्या माणसांचं काय होईल? व्हर्नने धक्का झेलायला पाण्याचे थर ठेवले. प्रत्यक्षात त्या धक्क्याने प्रवासी जागच्या जागी चिरडले जातील, पाण्याने काही वाचणार नाही. गणिताने कथा तपासली, शरीरशास्त्राने तपासली नाही. एका तज्ज्ञाला दाखवून भागत नाही, ते यासाठी.

व्हर्नचा प्रकाशक एत्झेल हा तर या विषयातला सर्वांत ठळक माणूस. १८६३ मध्ये व्हर्नने विसाव्या शतकातल्या पॅरिसवर कादंबरी लिहून दिली. एत्झेलने ती नाकारली. तुझ्या या भाकितांवर आज कुणी विश्वास ठेवणार नाही, असा त्याचा अभिप्राय. ते हस्तलिखित तिजोरीत पडून राहिलं, १९८९ मध्ये सापडलं आणि १९९४ मध्ये छापलं गेलं. एत्झेल चुकला, असं आज सहज म्हणता येतं. पण त्याच एत्झेलने व्हर्नच्या इतर कादंबऱ्यांना शिस्त लावली, त्या जगभर पोचवल्या. रशियातल्या खपाचा विचार करून त्याने कॅप्टन नेमोला पोलिश बंडखोर होऊ दिलं नाही. पुढे व्हर्नने ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये त्याला बुंदेलखंडाचा राजपुत्र केलं. भा. रा. भागवतांच्या अनुवादांतून व्हर्न वाचत वाढलेल्या मराठी मुलांना आपला वाटणारा नेमो असा एका प्रकाशकाच्या नकारातून भारतीय झाला. छापण्याआधीचा वाचक कथेचं किती बरं आणि किती वाईट करू शकतो, ते एकाच माणसाच्या उदाहरणात दिसतं.

विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ फेबर प्रकाशनाच्या वाचकाने निरस म्हणून बाजूला टाकली होती. चार्ल्स माँटिथ नावाच्या नव्या संपादकाने ती उचलली, कापली, बदलायला लावली आणि १९५४ मध्ये ती निघाली. इतक्या कसून केलेल्या संपादनातूनही एक चूक सुटली. पिगी या मुलाला दूरचं दिसत नाही, आणि त्याच्याच चष्म्याने मुलं सूर्यकिरण एकवटून आग पेटवतात. दूरचं न दिसणाऱ्याचा चष्मा अंतर्गोल भिंगाचा, तो किरण पांगवतो. दहावीतल्या कोणत्याही मुलाने हे सांगितलं असतं. लॅरी निव्हनच्या ‘रिंगवर्ल्ड’ची १९७०ची पहिली आवृत्ती याहून गमतीची. नायक आपला वाढदिवस लांबवण्यासाठी पृथ्वीभर उड्या मारत जातो आणि नेमक्या उलट्या दिशेने जातो. पुढच्या छपाईत ते दुरुस्त झालं. त्यातलं ताऱ्याभोवतीचं महाकाय कडं तर गतिशास्त्राप्रमाणे स्थिर राहूच शकत नाही, हे विद्यार्थ्यांनी लेखकाला संमेलनात गाठून घोषणा देत सांगितलं. निव्हनने पुढच्या कादंबरीत त्यावर उपाय योजला.

मराठी प्रकाशनाचा खरा अडसर इथे लक्षात येतो. निव्हनला दुसरी छपाई मिळाली. आपल्याकडे हजार प्रतींची आवृत्ती निघते, आता पुष्कळदा त्याहूनही लहान, आणि ती संपायला वर्षं जातात. दिवाळी अंकातल्या कथेला तर दुसरी संधीच नाही. सुधारायची वेळ असते ती एकच, कागद छापखान्यात जाण्याआधीची. इंग्रजी प्रकाशक पुस्तक यायच्या कितीतरी महिने आधी समीक्षकांना कच्च्या प्रती पाठवतात, तेवढा अवकाश आणि पैसा मराठी प्रकाशकाकडे नाही हे मला मान्य आहे. पण हस्तलिखित दोन जाणत्या माणसांना वाचायला देण्यासाठी पैसा लागत नाही, वेळ आखावा लागतो. दिवाळी अंकाच्या कथा श्रावणात मागवून भाद्रपदात छापखान्यात पाठवल्या जातात. मागणी दोन महिने आधी केली तर हे सहज साधेल.

तपासणीचा अर्थ प्रत्येक चूक काढून टाकणं असा नाही, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. अँडी वीअरने ‘द मार्शन’ आधी आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने टाकली. जाणकार वाचकांनी रसायनशास्त्रातल्या चुका दाखवल्या, त्याने त्या सुधारल्या, आणि २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशकाने ती छापली. तरी कथेच्या सुरुवातीचं वादळ त्याने तसंच ठेवलं. मंगळाचं वातावरण पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही विरळ, तिथला वारा माणसाला किंवा यानाला उलथवणार नाही, हे त्याला माहीत होतं. नायकाला एकटं पाडायला काहीतरी हवं होतं, म्हणून त्याने जाणूनबुजून सूट घेतली. वाचणाऱ्याने चूक दाखवावी, लेखकाने निर्णय घ्यावा. आणि काही वेळा संपादकाला लेखकापेक्षा कठोर व्हावं लागतं. जॉन कॅम्पबेलने टॉम गॉडविनची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ पुन्हा पुन्हा परत पाठवली, कारण लेखक यानात लपलेल्या मुलीला वाचवण्याच्या युक्त्या शोधत होता. इंधनाचं गणित ठरलेलं आहे, मुलगी वाचू शकत नाही, हे कॅम्पबेलने मान्य करायला लावलं. १९५४ मध्ये छापलेली ही कथा आजही वादाचा विषय आहे, ती त्या निर्दय शेवटामुळेच.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक. पश्चिमेला अकोल्यातल्या घाटघर-रतनवाडीला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि पूर्वेकडे पाथर्डी-जामखेडला माणसं आभाळाकडे डोळे लावून बसतात. हवामानाच्या भविष्यावर लिहायला यापेक्षा योग्य भूमी कुठली? पण कृत्रिम पावसाची मराठी कथा उघडा. निरभ्र आकाशात विमान जातं, पावडर फवारतं आणि दुष्काळी गावावर धो धो पाऊस पडतो. सिल्व्हर आयोडाइडचे कण आधीच असलेल्या, बाष्पाने भरलेल्या ढगात थेंब किंवा हिमकण वाढायला मदत करतात. कोरड्या आभाळातून ते पाणी काढू शकत नाहीत. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या हवामानाच्या प्राध्यापकाने ती कथा चहा पिता पिता वाचली असती, तर लेखकाला कितीतरी चांगला प्रश्न सुचवला असता: ढग एका तालुक्यावर आला आणि पाऊस दुसऱ्या तालुक्यात पाडला, तर पाणी कुणाचं? पाटपाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या झगडणाऱ्या या जिल्ह्यात त्या प्रश्नातून कादंबरी उभी राहील.

बिबट्यांचंही तसंच. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतीपट्ट्यात कॅमेरे लावून अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष सांगतात की तिथे दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे राहतात, उसात आणि वस्तीच्या शेजारी, आणि बहुतेक काळ माणसांना त्यांची चाहूलही लागत नाही. बिबट्या जंगलातून चुकून गावात येतो, हे गृहीत धरून लिहिलेली कथा या अभ्यासापुढे टिकत नाही. उसातच जन्मलेला आणि जंगल कधी न पाहिलेला बिबट्या हे इथलं वास्तव आहे. ते कळलेला लेखक शहरी लेखकापेक्षा फार वेगळी विज्ञानकथा लिहील. कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं, देशाने त्यांना पद्मश्री दिली. जनुकबदलाच्या पिकांवर कथा लिहिणाऱ्याने आपलं हस्तलिखित अशा जाणत्या शेतकरी बाईला वाचून दाखवावं. बी पेरल्यावर काय होतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

साहित्य आणि विज्ञान एका माणसात नांदल्याचं उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. पारनेर तालुक्यातल्या जवळ्याचे रंगनाथ पठारे संगमनेरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत आणि कादंबऱ्या लिहीत. ‘ताम्रपट’ला १९९९ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांनी विषय निवडले ते समाजाचे, सत्तेचे, माणसांच्या नात्यांचे. त्यांच्या लेखनात कारण आणि परिणाम यांची जी करडी साखळी दिसते, ती भौतिकशास्त्राच्या सरावातून आली असावी असं मला वाटतं. विज्ञानाचा शिक्षक साहित्याचा उत्तम वाचक असू शकतो, हे सांगायला आणखी पुरावा कशाला? आणि असे वाचक मिळतील अशा जागा जवळपास आहेतच: १९४७ पासूनचं अहमदनगर महाविद्यालय, संगमनेर, लोणी, श्रीरामपूर, कोपरगाव इथली महाविद्यालयं, नगरची लष्करी वाहनसंशोधन संस्था आणि हद्दीला लागून खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या जिथे आकाश ऐकतात, त्या ठिकाणापासून पारनेर-संगमनेरचा लेखक तासाभराच्या अंतरावर राहतो. परग्रहावरून आलेल्या संदेशाची कथा लिहिण्याआधी त्याने विज्ञानदिनी तिथे जाऊन खरा संकेत आणि मोबाइलचा गोंगाट वेगळे कसे करतात ते विचारावं.

लेखकांची एक शंका खरी आहे: हस्तलिखित दुसऱ्याच्या हाती दिलं आणि कल्पना उचलली गेली तर? १९५७च्या कॉपीराइट कायद्याने लिहिलेल्या मजकुराला तो लिहिला त्या क्षणापासून संरक्षण मिळतं, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कल्पनेला मात्र कायदा संरक्षण देत नाही. कथेचा आशय ज्याला सांगाल त्याच्यावर विश्वास हवा, आणि वाचणाऱ्याने तो पाळायला हवा. हस्तलिखित कुठे पुढे पाठवायचं नाही, त्याबद्दल बाहेर बोलायचं नाही, पुस्तक निघेपर्यंत तोंड बंद. हा शिष्टाचार आपल्याकडे कुणी शिकवत नाही, आणि मोबाइलवर फाइल एका बोटाने पुढे जाण्याच्या काळात तो शिकवणं तातडीचं झालं आहे.

दुसरी अडचण नवी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाला यंत्राने लिहिलेल्या कथांचा इतका लोंढा आला की त्यांनी काही काळ कथा स्वीकारणंच थांबवलं. मराठी संपादकांच्या टपालातही असा मजकूर येऊ लागेल, यात मला शंका नाही. शुद्धलेखन यंत्र तपासेल, आकडेही पडताळेल. पण पाथर्डीच्या ऊसतोड मजुराच्या तोंडी घातलेलं वाक्य खोटं वाटतं की खरं, हे त्या भागात राहणारा वाचकच सांगेल. म्हणून तज्ज्ञाइतकाच साधा वाचक महत्त्वाचा. माझ्या मते विज्ञानकथेचा सर्वांत प्रामाणिक छापण्याआधीचा वाचक आठवी-नववीतलं मूल आहे. कंटाळा आला की ते पान मिटतं, आणि न कळलेली गोष्ट कळली असं भासवत नाही.

या आढाव्यातून माझं मत झालं आहे ते असं. मराठीत विज्ञानकथा लिहिणारे कमी नाहीत, चांगल्या कल्पनांचाही तोटा नाही. तोटा आहे तो कथा छापण्याआधी ती मन लावून वाचणाऱ्या दोन-तीन माणसांचा. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेने १९७४ मध्ये जे करून दाखवलं, ते प्रत्येक तालुक्यात दरवर्षी करता येईल. म्हणून जिल्हा वाचनालयाला, तालुक्यांतल्या वाचनालयांना आणि महाविद्यालयांच्या मराठी व विज्ञान विभागांना माझी विनंती आहे. जूनमध्ये जिल्ह्यातल्या लेखकांकडून विज्ञानकथा नाव झाकून मागवा. प्रत्येक कथा त्या विषयाच्या एका शिक्षकाला, एका साहित्याच्या वाचकाला आणि शाळेतल्या एका मुलाला द्या. तिघांचे अभिप्राय लेखी घ्या आणि ऑगस्टअखेर लेखकाला परत करा. दिवाळी अंकासाठी कथा पाठवायला त्यानंतरही वेळ उरतो.